‘कोणती माशी?’ : डंखाच्या भीतीवरचं संशोधन वणीत बसून वाचताना

मागच्या उन्हाळ्यात वणीला घरी गेले तेव्हा एक प्रश्नावली सोबत नेली होती. कीटकांची भीती मोजणारी मूळ इंग्रजी प्रश्नावली, आणि तिचं मी केलेलं मराठी भाषांतर. खऱ्या नमुन्याकडे जाण्याआधी घरच्या चार माणसांना वाचून दाखवावी, कुठे अडखळतात ते बघावं, एवढाच हेतू. पहिलाच प्रश्न होता : ‘मधमाशी जवळ आली तर तुम्हाला किती भीती वाटते? शून्य ते पाचमध्ये सांगा.’

ओट्यावर बसलेल्या काकाजींनी प्रश्न ऐकला, थोडं थांबले आणि मलाच विचारलं, “कोनती माशी, बाई? रसवंतीवरची का मोहोयातली?”

मी म्हटलं, “कोणतीही. साधी मधमाशी.”

“मंग रसवंतीवरचीले शून्य लिहा, न मोहोयातलीले पाच.”

प्रश्नावलीत एकच चौकट होती. मी त्यात अडीच लिहिलं असतं तर गणित बरोबर आलं असतं आणि उत्तर साफ खोटं ठरलं असतं. कारण काकाजींच्या आयुष्यात अडीचाची भीती कुठेच नाही. आज लिहायचंय ते या एका चौकटीबद्दल. डंख करणाऱ्या कीटकांच्या भीतीवर जे संशोधन आपण वाचतो, ते किती चांगलं आहे, कुठे कमी पडतं, आणि आपण ते उचलून आपल्याकडे आणताना काय चुकतो, ते बघू.

आधी ज्या निबंधावर बोलायचं आहे तो सांगते. सीरियन समनर, जॉर्जिया लॉ आणि अलेस्सांद्रो चिनी यांचा २०१८चा शोधनिबंध, ‘इकॉलॉजिकल एंटोमॉलॉजी’ या नियतकालिकातला. शीर्षकाचा अर्थ साधारण असा : आपल्याला मधमाश्या का आवडतात आणि गांधीलमाश्यांचा तिटकारा का? त्यांनी ४६ देशांतल्या ७४८ लोकांना मधमाशी, गांधीलमाशी, फुलपाखरू आणि माशी यांच्याबद्दल काय वाटतं ते विचारलं. पट्टी उणे पाच ते अधिक पाच. शिवाय त्या कीटकाचं नाव ऐकून मनात येणारे शब्द लिहायचे होते. मधमाशीला मध, फुलं, परागीभवन असे शब्द आले, गांधीलमाशीला डंख, त्रास, धोका असे. गुणही तसेच : फुलपाखरू आणि मधमाशी वर, गांधीलमाशी तळाला.

निबंधाचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. लेखकांनी आरसा स्वतःच्या जमातीकडेही फिरवला. त्यांनी नमुन्यातले ९०८ शोधनिबंध तपासले, तर त्यात गांधीलमाश्यांवरचे फक्त २.४ टक्के निघाले. म्हणजे लोकांना जो कीटक आवडत नाही, त्याच्याकडे संशोधकही पाठच फिरवतात. स्वतःच्या क्षेत्राबद्दल असं उघड लिहायला हिंमत लागते. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा निबंध जरूर वाचा. छोटा आहे, प्रश्न स्पष्ट आहे, पद्धत समजते.

आता तक्रारी. पहिली तक्रार सोपी आहे. ४६ देश हा आकडा ऐकायला भारदस्त वाटतो. पण ७४८ला ४६ने भागा, सरासरी सोळा माणसं येतात. आणि सरासरी म्हणजे प्रत्येक देशात सोळा होते असंही नाही. निबंध वाचताना पेन्सिलनं असा भागाकार करायची सवय लावून घ्या. ‘इतक्या देशांत’ या शब्दांतून ‘जगात सगळीकडे’ असा अर्थ आपल्या डोक्यात आपोआप शिरतो, तो शिरू द्यायचा नाही.

दुसरी तक्रार खरी महत्त्वाची, आणि ती काकाजींचीच आहे. या निबंधात भीतीचं एकक एक कीटक आहे. एक मधमाशी, एक गांधीलमाशी. आपल्या भागात डंखाच्या भीतीचं एकक कीटक नसतो. मोहोळ असतं.

वणीत उन्हाळ्यात कोणत्याही रसवंतीवर जा. उसाच्या चोथ्यावर, भांड्याच्या काठावर, कधी तर ग्लासाच्या कडेवर माश्या बसलेल्या असतात. त्यात लहान फुलोरी असते आणि मोठी आग्याही असते. रस पिणारा माणूस एका हातानं माशी बाजूला करतो आणि पितो. लेकरंसुद्धा पितात. रंगनाथस्वामींच्या जत्रेत जिलेबीच्या दुकानावरही हेच. कोणी ओरडत नाही, कोणी पळत नाही. तोच माणूस पाण्याच्या टाकीखालून जाताना वर मोहोळ दिसलं की आवाज खाली करतो, बिडी विझवतो, पोरांना दटावतो. आणि कोणी ‘मोहोळ उठलं’ म्हणून ओरडलं की मैदान रिकामं व्हायला मिनिट लागत नाही. माशी दोन्हीकडे तीच असू शकते, भीती मात्र शून्य आणि पाच.

जीवशास्त्र काकाजींच्या बाजूनं आहे. घरापासून लांब, अन्न गोळा करायला आलेली मधमाशी सहसा डंख करत नाही. दाबली, चिरडली, कपड्यात अडकली तरच करते. डंख मारला की तिची नांगी कातडीत अडकून तुटते आणि ती मरते. एवढी किंमत ती सांडलेल्या उसाच्या रसासाठी मोजत नाही. घराचं रक्षण करताना हिशेब वेगळा असतो. आग्यामाशीचं पोळं उघड्यावर लटकतं, झाडाच्या ढोलीची किंवा पेटीची भिंत त्याला नसते. एकच मोठं पोळं, त्यावर हजारो कामकरी माश्यांचा थरावर थर पडदा. हा पडदाच तिची भिंत आहे. म्हणून धोका दिसला की ती भिंतच अंगावर येते. डंखाबरोबर आयसोअमाइल अॅसिटेट हे रसायन हवेत सुटतं. पिकलेल्या केळ्यासारखा त्याचा वास. मधमाश्यांमधला हा इशारा १९६२ साली ‘नेचर’मध्ये नोंदला गेला. एका डंखाच्या जागी दुसरा, तिसरा, दहावा येतो तो यामुळे. अंगावर बसलेली माशी चापट मारून चिरडली तर आपणच बाकीच्यांना पत्ता देतो.

आणि त्याआधी इशारा असतो. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे गेराल्ड कास्टबर्गर आणि सहकाऱ्यांनी नेपाळमधल्या आग्यामोहोळांचं चित्रीकरण करून २००८मध्ये दाखवलं की मोठी गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरच्या माश्या क्रमानं पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. ती लाट बघून गांधीलमाशी मागे फिरते. म्हणजे आधी ‘लांब राहा’ असं सांगण्याची सोय आहे.

आता आपली भाषा बघा. आपण म्हणतो ‘मोहोळ उठलं’. उठलं म्हणजे आधी ते बसलेलं होतं. कशानं तरी उठलं : धुरानं, दगडानं, पतंगाच्या मांज्यानं, मोहोळ घारीनं झडप घातल्यानं. या क्रियापदात एकक आहे, क्रम आहे आणि कारणाची जागाही आहे. वर्तमानपत्रात मात्र हेच ‘मधमाश्यांचा हल्ला’ होतं. अंत्यविधीचा धूर झाडापर्यंत गेला, किल्ल्यावर कोणी अत्तर मारून आरडाओरडा केला, अशा घटनांच्या बातम्या दरवर्षी येतात. बातमीत जखमींची संख्या असते, गाव असतं, वय असतं. माशीची जात नसते, मोहोळ किती अंतरावर होतं ते नसतं, ते कशानं उठलं हे शेवटच्या ओळीत ‘अचानक’ या शब्दात उरकलेलं असतं. तुमच्यापैकी कोणाला बातम्यांच्या कात्रणांवरून काम करायचं असेल, तर हे तीन रकाने आधी आखा आणि किती बातम्यांत ते रिकामे राहतात ते मोजा. तेच तुमचं पहिलं निरीक्षण.

वर्तमानपत्रांना एकट्यांना बोलून उपयोग नाही. मृत्यूची कारणं नोंदवण्याची आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती घ्या. तिच्यात एक्स-२३ हा संकेतांक आहे. मोठ्या गांधीलमाश्या, लहान गांधीलमाश्या आणि मधमाश्या, सगळ्या एकाच संकेतांकात. एका गांधीलमाशीच्या एका डंखानं अॅलर्जी होऊन गेलेला माणूस आणि आग्यामोहोळाच्या शेकडो डंखांनी गेलेला माणूस कागदावर सारखेच. पहिल्याचा जीव अॅड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर वाचू शकतो, दुसऱ्याला पुढचे काही दिवस मूत्रपिंडावर लक्ष ठेवणारं रुग्णालय लागतं. दोन वेगळे मृत्यू, दोन वेगळे उपाय, एक रकाना.

इथे पद्धतीचा एक धडा आहे, तो लिहून ठेवा. परक्या भाषेतली प्रश्नावली आपल्याकडे आणताना उलटभाषांतर करायचं, हे आपल्याला पहिल्याच सत्रात शिकवतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांचा १९७०चा निबंध त्यासाठी सांगितला जातो. एकानं इंग्रजीचं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळवायच्या. मीही केलं होतं. ‘बी’चं मधमाशी झालं, मधमाशीचं पुन्हा ‘बी’ झालं. शंभर टक्के जुळलं! तरी प्रश्न ओट्यावर आपटला. उलटभाषांतर शब्द तपासतं, ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय उभं राहतं ते तपासत नाही. त्यासाठी माणसाला उत्तर देताना मोठ्यानं विचार करायला सांगावं लागतं : ‘हा प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आलं?’ त्याला अर्धा तास जास्त लागतो. माझं तर काकाजींनी फुकटात करून दिलं.

तिसरी तक्रार निबंधापेक्षा एकूण साहित्यावर आहे. वेदना, धोका आणि भीती या तीन वेगळ्या राशी आहेत, आणि आपण वाचताना त्या एकमेकींत मिसळतो.

वेदनेचं मोजमाप म्हटलं की अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ जस्टिन श्मिट यांची डंखपट्टी पुढे येते. १९८०च्या दशकात त्यांनी ती मांडायला सुरुवात केली, वरची पायरी चार. मधमाशीला दोन, दक्षिण अमेरिकेतल्या बुलेट मुंगीला चार. पुढे मायकेल स्मिथ या कॉर्नेलच्या विद्यार्थ्यानं स्वतःच्या शरीरावर २५ ठिकाणी मधमाशीचे डंख करून घेतले आणि २०१४मध्ये निबंध लिहिला. नाकपुडी सर्वांत वाईट, डोक्याची कवटी आणि दंड त्या मानानं सुसह्य. २०१५चं इग्नोबेल या दोघांना मिळालं. वाचायला मजा येते, आणि स्मिथनं आपला नमुना एकच माणूस आहे हे लपवलेलं नाही. पण ही सगळी वेदनेची मापं आहेत. दोन गुणांची मधमाशी चार गुणांच्या मुंगीपेक्षा जास्त माणसं मारते, कारण ती माणसाजवळ राहते, तिचं कुटुंब मोठं असतं आणि तिच्या विषाची अॅलर्जी अनेकांना असते.

धोक्याचं माप वेगळं. पाश्चात्य मधमाशीच्या विषावरून काढलेला एक अंदाज नेहमी दिला जातो : शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १९ डंख ही जीवघेणी मात्रा. साठ किलोच्या माणसाला अकराशेच्या पुढे, वीस किलोच्या पोराला चारशेच्या आत. हे सरासरी निरोगी माणसाचं. ज्याला अॅलर्जी आहे त्याला एक डंख पुरतो. म्हणजे ‘मधमाशी किती धोकादायक?’ याचं उत्तर माशीत नाहीच. किती माश्या, कोणाला, दवाखान्यापासून किती लांब, यात ते आहे.

मोहोळ सोडून माशीलाच घाबरलं की काय होतं, हे अमेरिकेनं अनुभवलं. १९५६मध्ये वॉरविक केर यांनी जास्त मध देणारी जात तयार करण्यासाठी आफ्रिकी राण्या ब्राझीलमध्ये आणल्या. १९५७मध्ये साओ पावलो राज्यातल्या रिओ क्लारोजवळून २६ वसाहती निसटल्या आणि त्यांचा संकर उत्तरेकडे पसरत गेला. ‘खुनी माश्या’ असं नाव पडलं, १९७८मध्ये हॉलिवूडनं ‘द स्वार्म’ हा चित्रपटही काढला. प्रत्यक्षात या माश्या टेक्सासमध्ये पोचल्या १९९०च्या ऑक्टोबरमध्ये. भीती बारा वर्षं आधीच पोचली होती. आणि गंमत अशी की या संकरित माशीच्या एका डंखातलं विष साध्या युरोपी माशीपेक्षा जहाल नाही. फरक इतकाच की ती लवकर उठते, जास्त संख्येनं उठते आणि लांबपर्यंत पाठलाग करते. पुन्हा तेच : फरक मोहोळाच्या वागण्यात आहे.

आता चौथी गोष्ट. ही माझ्या घरची आहे, म्हणून हा लेख एवढा लांबला.

माझा एक चुलतभाऊ आहे, आम्ही त्याला दादा म्हणतो. काही वर्षांपूर्वी तुरीच्या तासात त्याचा हात गांधीलमाश्यांच्या पोळ्याला लागला. मानेवर एकच डंख. दहा मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, डोळ्यापुढे अंधारी आली. दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन मिळालं, वाचला. तेव्हापासून तो एकटा शेतात जात नाही. काठीनं झुडूप हलवल्याशिवाय हात घालत नाही. घरात त्याला गमतीनं भित्रा म्हणतात. तो हसतो, पण जात नाही.

माझी प्रश्नावली दादाला काय म्हणाली असती? त्याचे गुण वरच्या टोकाला गेले असते. मानसिक आजारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएमच्या २०१३च्या पाचव्या आवृत्तीत विशिष्ट भयगंडाचे निकष आहेत. भीती सहा महिने किंवा जास्त टिकलेली असावी, कामात अडथळा यावा. दोन्ही लागू. पण एक निकष असाही आहे की ही भीती प्रत्यक्ष धोक्याच्या आणि त्या समाज-संस्कृतीच्या संदर्भात प्रमाणाबाहेर असावी. इथे थांबा. ज्या प्रौढ माणसाला आधी डंखाची गंभीर प्रतिक्रिया येऊन गेलीय आणि उपचार झालेला नाही, त्याला पुन्हा डंख झाल्यास तशी प्रतिक्रिया येण्याची शक्यता साधारण ३० ते ६० टक्के मानली जाते. शेत दवाखान्यापासून लांब असेल तर दादाची भीती प्रमाणाबाहेर आहे, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? त्याची भीती हिशेबाला धरून आहे. त्याला आजार म्हणणारी चूक माझ्या रकान्याची.

याच प्रश्नावर नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनचा एक सुंदर अभ्यास आहे, २००२चा, औडे एल्बेरिंक आणि सहकाऱ्यांचा. गांधीलमाशीच्या विषाची अॅलर्जी असलेल्या रुग्णांचे दोन गट. एकाला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून शरीराला सवय लावणारा उपचार, दुसऱ्याला खिशात ठेवायची अॅड्रेनालिनची पेन. मोजलं काय? डंख नव्हे, जगण्याचा दर्जा. बाहेर जेवायला जाता का, बागेत काम करता का, मनावर ताण किती. पहिल्या गटाचं जगणं सुधारलं. पेन मिळालेल्यांचं उलट थोडं बिघडलं. संकटाची आठवण खिशात घेऊन फिरणं सोपं नसतं. हा अभ्यास मला आवडतो कारण त्यानं भीतीला मूर्खपणा मानलं नाही. धोका खरा आहे हे धरून चालला आणि मग विचारलं : या धोक्यासह माणूस नीट कसा जगेल? फक्त लक्षात ठेवा, त्यांची गांधीलमाशी ही युरोपातली जात आहे. आपल्या तुरीतली वेगळी. तिच्या विषाच्या चाचण्या आणि उपचार तिथून जसेच्या तसे उचलता येत नाहीत.

‘गांधीलमाश्यांवर कोणी काम करत नाही’ हे वाक्यही तिथून उचलू नका. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी दक्षिण भारतात सहज सापडणाऱ्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीवर अनेक दशकं काम केलं, २००१मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक आलं. घराच्या छपराला लागलेलं, आपण टेंभा लावून जाळतो ते पोळं. त्यात राणी कशी ठरते, कोण काम करतं, हे त्यांनी एकेका माशीला रंगाचा ठिपका देऊन बघितलं.

इथवर वाचून वाटेल की मी वणीची बाजू घेऊन परक्या संशोधनाला झोडपतेय. तसं नाही. आपली भीती कुठे ठेवायची हे आपल्याला बऱ्यापैकी कळतं, उपाय मात्र आपण अनेकदा चुकीचे करतो. डंख झाला की आपल्याकडे लोखंड घासतात, चुना लावतात. लोखंड शोधण्यात वेळ जातो. १९९६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये व्हिशर, व्हेटर आणि कॅमाझिन यांचा दोन पानांचा निबंध आला. तोवर वैद्यकीय पुस्तकांत सल्ला असायचा की नांगी चिमटीत धरू नका, खरवडून काढा, नाहीतर विष पिळलं जाईल. त्यांनी स्वतःच्या अंगावर डंख करून घेऊन गांधीचा आकार मोजला. चिमटीनं काढा की खरवडून, फरक पडत नाही. उशीर झाला, अगदी काही सेकंदांचा, तर पडतो. दुसऱ्या एका अभ्यासानुसार पिशवीतलं जवळजवळ ९० टक्के विष वीस सेकंदांतच आत जातं. म्हणजे नखानं, बोटानं, जे हाताशी असेल त्यानं लगेच काढा. असा निबंध तुम्हालाही जमेल : एक सर्वमान्य सल्ला, एक साधं माप, दोन पानं. तो प्रयोग मात्र घरी करू नका. संमती, अॅलर्जीची तपासणी आणि शेजारी डॉक्टर, हे आधी.

तसंच मोहोळ उठल्यावर जागेवर हात हलवत बसणं किंवा पाण्यात उडी मारणं, दोन्ही चूक. चेहरा झाकून सरळ पळायचं, बंद खोलीत किंवा गाडीत शिरायचं. पाण्यावर माश्या घिरट्या घालत थांबतात. श्वास अडकला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर किंवा उलटी आली तर चुना, कांदा काही नाही, थेट दवाखाना. शंभरावर डंख असतील तर बरं वाटत असलं तरी दवाखाना.

आणि जाळणं. भीतीचा आपला आवडता उपाय मशाल आहे. पोळं जळतं, अंडी-पिल्लं जळतात, आणि उरलेल्या माश्या गावावर उठतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानं आग्यामोहोळाचा मध काढणाऱ्यांना संरक्षक पोशाख घालून पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचं आणि पिल्लांचा भाग तसाच ठेवायचं शिकवलं. वणीपासून वर्धा काही परदेशात नाही.

एक शेवटचा आरसा, आपल्याच जिल्ह्याचा. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. पाठीवरचा पंप उठून अंगावर येत नाही, आवाज करत नाही, म्हणून त्याला बघून कोणी पोरांना घरात घेत नाही. पॉल स्लोव्हिक यांचा १९८७चा ‘सायन्स’मधला निबंध हेच सांगतो : लोकांचं धोक्याचं माप फक्त मेलेल्यांच्या आकड्यावर चालत नाही. अचानक येणारं, आपल्या हातात नसलेलं, अंगावर शहारा आणणारं मोठं वाटतं. रोजचं, स्वतःच्या हातानं केलेलं लहान वाटतं. त्याच शेतात फवारणीनं माश्याही मेल्या असणार. त्यांची कोणी मोजदाद केली नाही.

मग प्रश्नावलीचं काय झालं? पहिला प्रश्न मी मोडून चार केले. खाण्याच्या जागी आलेली एकटी माशी. झाडावर किंवा टाकीवर बसलेलं मोहोळ. उठलेलं मोहोळ. झुडपात न दिसणारं गांधीलमाश्यांचं पोळं. प्रत्येकाखाली एक उपप्रश्न : तुम्हाला किंवा घरात कोणाला डंखानं दवाखान्यात न्यावं लागलं होतं का? यामुळे मूळ पट्टीशी थेट तुलना करता येणार नाही, आणि मार्गदर्शकांनी त्यावर नाक मुरडलं. त्यांचा मुद्दा बरोबर आहे : तुलना गेली तर बाहेरच्या साहित्याशी बोलायचं कसं? माझं उत्तर असं की मूळ प्रश्नही शेवटी ठेवायचा, चारही उत्तरं झाल्यावर. मग एकाच माणसाचे पाच आकडे मिळतील, आणि एकट्या ‘मधमाशी’ या शब्दानं त्यातलं काय काय झाकलं जातं ते दाखवता येईल. जमलं तर प्रबंधातलं ते माझं सर्वांत उपयोगी कोष्टक असेल.

नवी प्रश्नावली दादाला वाचून दाखवली. पहिल्या प्रश्नाला शून्य, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला पाच. चौथ्याला तो म्हणाला, “पाचच्या पुढे नाही का काही?” काकाजी बाजूलाच होते. त्या दिवशी त्यांनी त्याला भित्रा म्हटलं नाही.